वांगणीची दुसरी बातमी

एप्रिल २०२१ मधली वर्तमानपत्रं आठवा. कोरोनाची लाट, ऑक्सिजनसाठी धावाधाव, रेमडेसिव्हिरचा तुटवडा, स्मशानाबाहेरच्या रांगा. सकाळी पेपर उघडायचीच धास्ती वाटे. त्याच दिवसांत, १७ एप्रिलला, मध्य रेल्वेच्या वांगणी स्थानकावर जे घडलं ते सीसीटीव्हीमुळे देशभर पाहिलं गेलं.

एक दृष्टिहीन आई लहानग्या मुलाला घेऊन फलाटाच्या कडेने चालली होती. मुलाचा तोल गेला आणि तो थेट रुळांवर पडला. समोरून उद्यान एक्सप्रेस भरधाव येत होती. आई खाली बसून फलाटाची कड चाचपत राहिली. मूल नेमकं कुठे आहे हेच तिला उमगेना. ड्युटीवरचे पॉइंट्समन मयूर शेळके रुळांमधून धावले, तेही गाडीच्या दिशेने. मुलाला वर ठेवलं, स्वतः चढले, आणि पाठोपाठ गाडी धडधडत निघून गेली.

आपल्याही जिवाला धोका आहे हे क्षणभर मनात आलं होतं, असं शेळके यांनी नंतर सांगितलं. मला हे ऐकून फार बरं वाटलं. भीती वाटली आणि तरी पाय थांबले नाहीत, म्हणजे हा माणूस तुमच्या-माझ्यासारखाच.

वांगणी म्हणजे बदलापूर-कर्जतमधलं गाव. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली तीही इथेच, बदलापूर-वांगणीदरम्यान. हजारावर प्रवासी सुखरूप बाहेर निघाले, त्यात जवानांबरोबर आसपासच्या गावकऱ्यांचाही हात होता. याच वांगणीत दृष्टिहीनांची कितीतरी कुटुंबं राहतात. घरभाडं परवडतं आणि लोकल हाताशी. लोकलमध्ये पिना, किचेन, असलं किरकोळ सामान विकून अनेकांची चूल पेटते. टाळेबंदीत लोकल महिनोन्‌महिने बंद राहिल्या, तेव्हा या घरांत काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

म्हणूनच नंतर आलेली छोटी बातमी मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. रेल्वेने शेळके यांना ५०,००० रुपयांचं बक्षीस जाहीर केलं आणि त्यातली निम्मी रक्कम त्या मुलाला आणि त्याच्या आईला देणार असल्याचं त्यांनी सांगितलं. रुळांवर विचार करायला सवडच नव्हती. इथे भरपूर होती. पैसे ठेवून घेतले असते तरी कुणी बोट दाखवलं नसतं. बक्षीस त्यांचंच होतं, जीव त्यांनीच पणाला लावला होता.

अशा बातम्या म्हणजे घटकाभराचा दिलासा, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. त्या महिन्यात माणसं एकमेकांच्या सावलीलाही भीत होती, आणि रेल्वेतला एक तरुण कर्मचारी एका अनोळखी घराच्या पुढच्या महिन्यांच्या किराण्याचा विचार करत होता.