माळ्यावरच्या वह्या खाली काढा

गेली कित्येक वर्षे आम्ही या जागेवर लिहीत आलो. आजपासून या सदराचे काम बदलते आहे. आमच्या वाचकांना उगाच कोड्यात बोललेले आवडत नाही, म्हणून बदल काय आणि कशासाठी ते आधीच सांगतो.

परवा जुन्या कात्रणांच्या फायली काढून बसलो. स्मशानभूमीच्या जागेचा वाद, जयंतीच्या मिरवणुकीवरील दगडफेक, रखडलेली शिष्यवृत्ती, आरक्षित पदांचा अनुशेष, कमानीवरच्या नावाला विरोध. यातला एकही लेख मागे घ्यावा असे आम्हाला वाटत नाही. पण सलग वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसली. यांनी काय केले, त्यांनी कसे छळले, याने पाने भरली आहेत. आपली माणसे त्या काळात कशी जगली, भाड्याच्या खोलीत अभ्यासिका कशी चालवली, वर्गणीचा हिशेब कोणी ठेवला, सभेच्या आदल्या रात्री भाकरी कोणी थापल्या, ते त्यात फारसे नाही. अत्याचाराची तारीख पोलिसांच्या कागदात तरी सापडेल. ही दुसरी नोंद कुठल्याच सरकारी दप्तरात मिळणार नाही. ती असलीच तर कुणाच्या तरी वहीत आहे, आणि ती वही माळ्यावर पडली आहे.

कार्यकर्त्यांकडे हा विषय काढला की एक ठरलेले उत्तर मिळते. "स्वतःबद्दल काय लिहायचे? चळवळीपुढे आपण कोण?" ही नम्रता आम्हाला मान्य नाही. स्वतःबद्दल लिहिणे म्हणजे मिरवणे, ही समजूत आपल्याला परवडणारी नाही. ज्यांच्या सात पिढ्यांची चरित्रे छापली गेली त्यांनी असा संकोच खुशाल बाळगावा.

बाबासाहेबांनी स्वतःचे अनुभव लिहून ठेवले होते. लहानपणीचा गोरेगावचा प्रवास, बडोद्याची पारशी धर्मशाळा, चाळीसगावचा टांगा, दौलताबादच्या किल्ल्यावरचा पाण्याचा हौद. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० मध्ये छापले, म्हणजे त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर ३४ वर्षांनी. ते हस्तलिखित गहाळ झाले असते तर? आणखी एक गोष्ट पाहा. त्या लिखाणात बाबासाहेब स्वतःपाशी थांबत नाहीत. काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे १९२९ मध्ये छापून आलेले पत्र ते त्यात घालतात. बाळंतीण बायको आजारी होती. डॉक्टर आला, पण त्याने थर्मामीटर आधी एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने तो नवऱ्याला दिला आणि नवऱ्याने बायकोला. ती बाई वाचली नाही. त्या शिक्षकाने पत्र लिहिण्याचे कष्ट घेतले म्हणून ही हकिगत आज आपल्याला ठाऊक आहे.

आणि फलटणच्या बेबीताई कांबळे? किराणा दुकानात बसून पुड्या बांधायच्या रद्दीतली वर्तमानपत्रे वाचणारी ही बाई. घरच्यांपासून लपवून त्यांनी लिहिले, आणि ते लिखाण सुमारे २० वर्षे लपलेलेच राहिले. फलटणमध्ये शिक्षणाचे काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते बाहेर आले, ‘स्त्री’ मासिकातून छापले गेले आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झाले. त्याच वर्षी शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ पुस्तकरूपाने आले. शांताबाई शिक्षिका होत्या, निवृत्त झाल्यावर लिहायला बसल्या. आपल्या चळवळीतील पुरुषांनी आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा. बेबीताईंना लपवून का लिहावे लागले? लपवायचे ते काही मनुवाद्यांपासून नव्हते.

सरकारवर विसंबून राहावे, तर तोही अनुभव ताजा आहे. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांसाठी घेतलेला पाच कोटींहून अधिक रुपयांचा कागद गोदामात पडून असल्याची बातमी आली, आणि डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून तिची दखल घ्यावी लागली. ज्या ग्रंथांवर चैत्यभूमीला रांगा लागतात त्यांची ही गत, तर आपल्या आजीच्या वहीला कोण विचारणार?

‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले तेव्हा पैसे देऊनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही, हे आपण दरवर्षी भाषणात सांगतो. ‘बहिष्कृत भारत’चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने लिहून भरावे लागत, हेही सांगतो. पण त्या पत्रांचे अंक आज वाचता येतात ते कुणीतरी जपून ठेवले म्हणून. ज्यांनी अंक जपले त्यांतल्या बहुतेकांची नावेसुद्धा आपल्याला माहीत नाहीत.

तेव्हा यापुढे या जागेवर आम्ही कमी लिहू आणि वाचकांच्या वह्या अधिक छापू. गावात विहार बांधल्याचा जमाखर्च चालेल. नामांतराच्या काळात तुरुंगातून घरी पाठवलेले पत्र चालेल. गिरणी बंद पडल्यावर घर कसे चालवले, याची आईने ठेवलेली टिपणे चालतील. भाषा शुद्ध करून देण्याच्या भानगडीत पडू नये. आजी ‘व्हतं’ म्हणत असेल तर ‘होतं’ करू नका. लेखनात नेत्यांची स्तुती असलीच पाहिजे अशी अट नाही, तक्रार असली तरी छापू. मूळ वही मात्र पाठवू नका, झेरॉक्स पाठवा. सोबत कोणी लिहिले, कुठे आणि साधारण कोणत्या साली, एवढे वेगळ्या कागदावर लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे सांगणे घरातल्या शाळकरी मुलांनी उतरवून घ्यावे. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी पेटीच्या तळाशी एकदा बघा.