सर्वात उंच, पण कशापासून?

जगातलं सर्वात उंच शिखर कोणतं? आपल्याकडे चौथीतल्या पोराला झोपेतून उठवून विचारलं तरी उत्तर मिळेल, एव्हरेस्ट. उंची? ८८४८ मीटर. सर्वात खोल जागा? मारियाना गर्ता. सर्वात जास्त पाऊस? पूर्वी चेरापुंजी, नंतर मौसिनराम. स्कॉलरशिपच्या परीक्षेपासून एमपीएससीपर्यंत या 'सर्वात'वाल्या प्रश्नांवर आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या. मीही त्यातलाच एक.

गेली बारा-तेरा वर्षं मी नेदरलँड्समध्ये आहे. डॉक्टरेट इथेच केली आणि आता संशोधनाचं जे काम करतो, त्यात दिवसभर कशाचं तरी मोजमापच चालू असतं. या धंद्यात राहून माझं एक मत झालंय, तेच आज मांडतो. 'सर्वात' या शब्दाच्या पाठोपाठ 'कशापासून मोजून?' हा प्रश्न आला नाही, तर ती माहिती ज्ञान नव्हे, नुसतं पाठांतर. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचा कीस कशाला काढायचा? तर ऐका.

एव्हरेस्ट सर्वात उंच, ते समुद्रसपाटीपासून मोजलं तर. पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं तर पहिला नंबर दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशातल्या चिंबोराझोचा. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची जेमतेम ६२६३ मीटर, म्हणजे हिमालयात त्याला कोणी विचारणार नाही. पण पृथ्वी काही चेंडूसारखी गोल नाही. ती विषुववृत्तावर फुगलेली आहे आणि तिथली त्रिज्या ध्रुवांकडच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त आहे. चिंबोराझो विषुववृत्ताच्या अगदी जवळ, तर एव्हरेस्ट २८ अंश उत्तरेला. त्यामुळे चिंबोराझोचा माथा पृथ्वीच्या केंद्रापासून एव्हरेस्टपेक्षा सुमारे दोन किलोमीटर जास्त लांब आहे. आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत मोजायचं म्हटलं, तर हवाई बेटांवरचा मौना केआ पुढे येतो. तो समुद्राच्या वर दिसतो फक्त ४२०७ मीटर, पण समुद्रतळावरच्या पायथ्यापासून धरला तर दहा हजार मीटरच्या वर जातो.

म्हणजे उत्तरं तीन, आणि तिन्ही बरोबर. कारण मुळात प्रश्नच तीन आहेत.

बरं, 'समुद्रसपाटी' म्हणजे तरी काय? समुद्र काही बादलीतल्या पाण्यासारखा सपाट नसतो. भरती-ओहोटी आहे, वारे आहेत, प्रवाह आहेत, पृथ्वीचं गुरुत्वाकर्षणही जागोजागी थोडं वेगळं आहे. म्हणून प्रत्येक देश आपापला शून्य ठरवतो. भारतात १९०९ साली मुंबईसह नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून तो ठरवला गेला. इथे नेदरलँड्सचा शून्य ॲमस्टरडॅमचा. शेजारच्या बेल्जियमचा शून्य त्याच्यापेक्षा सुमारे २.३ मीटर खाली. म्हणजे सरहद्द ओलांडली की पाऊलभर चढ न चढता तुमची उंची दोन मीटरांनी 'वाढते'!

यात गंमत वाटत असेल, तर लाउफेनबुर्गच्या पुलाची गोष्ट ऐका. हे गाव ऱ्हाइन नदीच्या दोन्ही काठांवर आहे, एका काठावर जर्मनी आणि दुसऱ्यावर स्वित्झर्लंड. जर्मनीच्या उंच्या ॲमस्टरडॅमच्या शून्यावरून, तर स्वित्झर्लंडच्या भूमध्य समुद्रावरून. दोन्ही शून्यांत २७ सेंटिमीटरचा फरक. हा फरक इंजिनिअरांना ठाऊक होता, हिशोबातही धरला होता, पण चिन्ह उलटं पडलं. बेरीज करायची तिथे वजाबाकी झाली आणि फरक मिटण्याऐवजी दुप्पट, म्हणजे ५४ सेंटिमीटर झाला. २००३ साली पूल पुरा होण्याआधी हे लक्षात आलं, म्हणून निभावलं.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या ना. अलमट्टी धरणात पाणी ५१९ मीटरपर्यंत अडवायचं की ५२४ मीटरपर्यंत, यावरून महाराष्ट्र आणि कर्नाटक किती वर्षं भांडताहेत. सांगली-कोल्हापूरच्या लोकांना हे आकडे तोंडपाठ असतील. पण निदान दोन्ही राज्यांचा शून्य एक आहे, म्हणून भांडण तरी करता येतं. शून्यच वेगळे असते तर भांडायचं कशावर, इथून सुरुवात झाली असती.

आता पुन्हा एव्हरेस्टकडे येऊ. १८५२ च्या सुमारास भारतीय सर्वेक्षण खात्यातले बंगाली गणिती राधानाथ सिकदार यांच्या आकडेमोडीतून 'पीक १५' हे सर्वात उंच शिखर असल्याचं पुढे आलं. १८५६ मध्ये उंची जाहीर झाली, २९००२ फूट. जॉर्ज एव्हरेस्ट यांचं नाव शिखराला द्यायला खुद्द त्यांचाच आक्षेप होता, तरी तेच चिकटलं. पुढे १९५५ मध्ये भारतीय सर्वेक्षणाने ८८४८ मीटर हा आकडा दिला, तो आपण पाठ केला. १९९९ मध्ये अमेरिकन मोहिमेने ८८५० सांगितला. २००५ मध्ये चीनने ८८४४.४३ मीटर जाहीर केला, कारण त्यांनी वरचा बर्फाचा थर वगळून खडकाचा माथा धरला. नेपाळचं म्हणणं, बर्फासकट मोजा. शेवटी डिसेंबर २०२० मध्ये दोन्ही देशांनी मिळून ८८४८.८६ मीटर हा आकडा जाहीर केला. डोंगर तोच. वादाचा मोठा भाग 'माथा कशाला म्हणायचं' हाच होता.

या आकड्यांपायी माणसं जिवावर उदार होतात, हे मात्र गंमतीचं नाही. मे २०१९ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्याजवळ लागलेल्या रांगेचा फोटो जगभर गाजला. दादर स्टेशनच्या जिन्यावर लागावी तशी रांग, फक्त आठ हजार मीटरच्या वर, सिलिंडरमधला ऑक्सिजन संपत असताना. त्या मोसमात तिथे अकरा जण दगावले. रांगेच्या आसपास कितीतरी सुंदर शिखरं मोकळी उभी होती. पण ती 'सर्वात' नव्हती.

त्यातही 'आठ हजार मीटर' ही मर्यादा कुठून आली? निसर्गाला मीटर माहीत नाही. फुटांत मोजणाऱ्याला हीच मर्यादा २६२४७ फूट अशी विचित्र दिसते. पण आकडा गोल आहे, म्हणून आठ हजारांवरची १४ शिखरं हा गिर्यारोहणातला सर्वोच्च मान ठरला. राइनहोल्ड मेसनर यांनी ती १९८६ पर्यंत सर्व सर केली, तीही ऑक्सिजनच्या नळकांड्याशिवाय. आणि २०२३ मध्ये गिनेस बुकाने त्यांच्याऐवजी एड व्हिएस्टर्स यांचं नाव लावलं. कारण काय, तर फोटो आणि वर्णनं तपासणाऱ्या अभ्यासकांच्या मते १९८५ मध्ये अन्नपूर्णेच्या लांबलचक माथ्यावर मेसनर खऱ्या टोकापासून काही मीटर अलीकडून परतले. मेसनर यांनी ते मानलं नाही आणि खुद्द व्हिएस्टर्सही मेसनरच पहिले असं म्हणाले. माझं मत विचाराल, तर अभ्यासकांनी तपासणी केली हे योग्यच. पण त्या काही मीटरांनी मेसनर यांचं कर्तृत्व तसूभरही कमी होत नाही. यादीला जे कळतं ते तेवढंच असतं.

काही 'सर्वात' तर नव्वद वर्षांनी खोटे ठरतात. लिबियातल्या अल अझीझिया इथे १९२२ मध्ये ५८ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, जगातलं सर्वात जास्त. ते कित्येक पुस्तकांत छापलं गेलं. २०१२ मध्ये जागतिक हवामान संघटनेने ती नोंद रद्द केली. बहुधा नवख्या माणसाने तापमापक चुकीचा वाचला होता. आता हा मान कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीतल्या १९१३ च्या ५६.७ अंशांना आहे.

आणि एक विक्रम असा, की तो मोडतोय याचं दुःख व्हावं. जमिनीवरची सर्वात खोल जागा म्हणजे मृत समुद्राचा किनारा. आपण शाळेत शिकलो तेव्हापेक्षा तो आज बराच खाली आहे, समुद्रसपाटीखाली ४३० मीटरच्याही पलीकडे, आणि दर वर्षी सुमारे एक मीटर उतरतोय. जॉर्डन नदीचं पाणी वरच्या देशांनी शेतीला आणि शहरांना वळवलं, दक्षिणेकडे खनिजांसाठी पाणी आटवलं जातं. किनाऱ्यावर हजारो खड्डे पडलेत. आकडा नुसता पाठ करणाऱ्या मुलाला तो बदलतोय हेच कळत नाही, मग का बदलतोय हे तो कधी विचारणार?

आता 'सर्वात दूर'चं पाहू, कारण खरा मुद्दा तिथे आहे. कुठल्याही जमिनीपासून सर्वात दूर असलेली समुद्रातली जागा म्हणजे दक्षिण प्रशांत महासागरातला पॉइंट निमो. १९९२ मध्ये ह्र्वोये लुकातेला या सर्व्हे इंजिनिअरने ती गणिताने काढली. जवळची जमीन सुमारे २६८८ किलोमीटरवर. अवकाश स्थानक डोक्यावरून जातं तेव्हा सर्वात जवळची माणसं त्यात असतात, फक्त चारशे किलोमीटर वर. तिथे वस्ती नाही, म्हणून तिथलं अंतर हा निव्वळ भूमितीचा प्रश्न.

पण माणसं राहतात ती सर्वात एकाकी जागा? ट्रिस्टन द कुन्हा, दक्षिण अटलांटिकमधलं बेट. वस्ती अडीचशेच्या आत. विमानतळ नाही, केपटाउनहून बोटीने सुमारे आठवडाभर. १९६१ मध्ये ज्वालामुखी जागा झाला आणि सगळ्यांना इंग्लंडला आणलं. घरं मिळाली, नोकऱ्या मिळाल्या. ब्रिटिश सरकारला वाटलं, आता हे कशाला परत जातील? त्यांनी मतदान केलं आणि प्रचंड बहुमताने परत जायचं ठरवलं. १९६३ मध्ये बहुतेक सगळे परत गेले. जगाच्या लेखी ते सर्वात दूर. त्यांच्या लेखी दूर होतं ते इंग्लंड! आमच्यासारख्या परदेशात राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आपल्या वर्तमानपत्रांत गडचिरोलीतल्या भामरागडच्या आधी 'अतिदुर्गम' हे विशेषण जणू आडनावासारखं येतं. दुर्गम कोणापासून? मुंबईपासून, मंत्रालयापासून. तिथल्या माडिया माणसाला स्वतःचं गाव दुर्गम वाटत नाही, त्याला दुर्गम आहे ते हॉस्पिटल. पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की रस्ता बंद, आणि मग नकाशावरचे किलोमीटर निरर्थक. २०१८ मध्ये 'नेचर'मध्ये जगाचा एक नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक ठिकाण जवळच्या शहरापासून किती किलोमीटर, हे न दाखवता किती वेळाच्या अंतरावर आहे, ते दाखवलं होतं. मला हा शून्य जास्त प्रामाणिक वाटतो. अडलेल्या बाळंतिणीला दवाखाना किती किलोमीटरवर आहे याला अर्थ नाही, किती तासांवर, आणि तोही जुलैमध्ये, याला आहे. 'अतिदुर्गम' म्हटलं की दोष भूगोलाचा होतो. 'दवाखाना जुलैत अमुक तासांवर' म्हटलं की पूल कोणी बांधायचा, हा प्रश्न विचारता येतो.

कोणी म्हणेल, अहो, परीक्षेत एकच उत्तर लागतं, पोरांना कशाला गोंधळात पाडता? मान्य. संकेत हवाच, समुद्रसपाटीचा संकेत उत्तम आहे आणि त्यावरच धरणं-पूल उभे राहतात. तो मोडा असं मी म्हणत नाहीच. पुस्तकात फक्त दोन शब्द वाढवा: 'समुद्रसपाटीपासून सर्वात उंच'. एवढ्याने एखादं चौकस पोर विचारेल, "आणि दुसरीकडून मोजलं तर?" तो तास मग परीक्षेच्या कामाचा राहणार नाही कदाचित, पण भूगोलाचा नक्की होईल.

असो. पुढच्या वेळी पेपरात 'सर्वात' दिसलं, तर एवढं करून बघा. कोणी मोजलं, कशापासून मोजलं, आणि तोच शून्य का धरला, हे विचारा. घरातल्या पोरांनाही विचारायला लावा. चिंबोराझोपासून सुरुवात करा, त्यांना आवडेल.