परवान्याच्या वेशीवर अडलेली 'मीरा'

विजयादशमीच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात सीमोल्लंघनाचा सोहळा रंगतो. करवीरनिवासिनी अंबाबाईची पालखी येते, शमीपूजन होते, आपट्याचे सोने लुटले जाते. छत्रपतींच्या घराण्याची जुनी मेबॅक मोटार गर्दीतून वाट काढत येते, तेव्हा बाप आपल्या लेकरांना खांद्यावर घेऊन ती दाखवतात. जर्मन कारागिरांच्या हातची ही गाडी कोल्हापूरकरांच्या अभिमानाचा विषय आहे आणि त्यात वावगे काहीच नाही. मात्र खंडेनवमीला शिवाजी उद्यमनगरातून एक फेरी मारली, तर निराळेच दृश्य दिसते. लेथला झेंडूची माळ, ड्रिलच्या मुठीला हळदकुंकू, पाने-पकडी धुऊनपुसून पाटावर मांडलेल्या आणि समोर हात जोडून उभा असलेला फिटर. ज्या समाजात हत्याराला देवत्व दिले जाते, त्या समाजातील कारागिराच्या हातून मोटारगाडी का उतरू नये, असा प्रश्न ते दृश्य पाहून कोणाच्याही मनात यावा.

या प्रश्नाचे उत्तर धक्कादायक आहे. अशी गाडी उतरली होती. कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी येथे शंकरराव कुलकर्णी या कल्पक गृहस्थांनी स्वातंत्र्याच्या उष:कालातच स्वतःच्या डोक्याने आणि स्वतःच्या पदरच्या पैशाने छोटी मोटार बांधायला घेतली. तिचा पहिला, दोन आसनांचा नमुना १९४९ साली तयार झाला. गाडीचे नाव 'मीरा'. अभियांत्रिकीची पदवी नसलेल्या या माणसाने पुढे सुमारे पाव शतक त्या गाडीचा ध्यास सोडला नाही. एकामागून एक सुधारलेले नमुने झाले. खड्ड्यांनी भरलेल्या देशी रस्त्यांसाठी पोलादी स्प्रिंगांऐवजी रबराचा वापर करणारी रचना त्यांनी योजली. लिटरमागे वीसेक किलोमीटर धावणारी आणि सुमारे १२ हजार रुपयांत मध्यमवर्गीयाच्या दारात उभी राहू शकेल अशी गाडी, हे उद्दिष्ट त्यांनी समोर ठेवले होते. १९७० च्या दशकाच्या मध्याला गाडी लोकांसमोर आली, तिचे कौतुकही झाले. कारखाना मात्र उभा राहिला नाही. २००८ च्या जानेवारीत टाटांच्या लाख रुपयांच्या 'नॅनो'चे दर्शन झाले, तेव्हा काही जुन्या माणसांना 'मीरा' आठवली. पुढे २०१८ मध्ये नॅनोचे उत्पादनही थांबले आणि मीराची आठवण पुन्हा अडगळीत गेली.

लंडन आणि इचलकरंजी

इंग्लंडमध्ये 'किट कार' नावाचा एक प्रकार गेली कित्येक दशके रूढ आहे. गाडीचे सुटे भाग पेट्यांमध्ये भरून घरी येतात. सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स, चाके, पत्रे असे सारे सामान घरच्या गॅरेजमध्ये मांडून हौशी माणूस शनिवार-रविवारच्या सुटीत स्वतःची स्पोर्ट्‌स कार जोडतो. बाप पाना फिरवतो, मुलगा नट मोजून देतो. वर्षा-दोन वर्षांनी गाडी रस्त्यावर येते. या प्रकाराला लोकप्रिय करणाऱ्यांत कॉलिन चॅपमन हे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९४८ साली लंडनमध्ये त्याने आपल्या भावी सासुरवाडीच्या घरामागील गॅरेजमध्ये एका जुन्या ऑस्टिन सेव्हन गाडीवर पहिली मोटार घडवली. म्हणजे चॅपमनचे १९४८ साल आणि शंकररावांचे १९४९ साल. दोघांपाशी भांडवल तुटपुंजे, दोघांपाशी जिद्द सारखी.

पुढे काय झाले? १९५२ च्या जानेवारीत चॅपमनची 'लोटस इंजिनिअरिंग' ही कंपनी स्थापन झाली. १९५७ मध्ये तिची 'लोटस सेव्हन' आली. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी-कर होता, सुट्या भागांवर तो नव्हता. म्हणून ही गाडी सुट्या भागांत विकली जाऊ लागली. त्याबरोबर जोडणीची माहितीपुस्तिका देण्याला बंदी होती, तेव्हा चॅपमनने गाडी सुटी कशी करावी याची पुस्तिका दिली आणि ती उलट क्रमाने वाचण्यास सुचवले, असे सांगितले जाते. १९७३ मध्ये करपद्धती बदलली, गाडीचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले, पण ती परंपरा आजही चालू आहे. गॅरेजातल्या त्या तरुणाच्या गाड्यांनी पुढे फॉर्म्युला वनची जगज्जेतेपदे जिंकली.

त्याच १९५२ सालाच्या मे महिन्यात भारतात उद्योग (विकास आणि नियमन) कायदा अमलात आला. तेथे एका होतकरू माणसाने कंपनी काढली, येथे एका होतकरू माणसाच्या वाटेवर परवान्याचे फाटक उभे राहिले. दोन देशांच्या बुद्धीत फरक नव्हता. फरक होता तो राज्यकर्त्यांच्या दृष्टीत.

करवीरची कारागिरी

'एखाद्या हौशी माणसाचा तो छंद असेल, त्याचे एवढे काय?' असे म्हणणाऱ्यांनी या भूमीचा इतिहास पाहावा. १९१८ साली कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी देशी बनावटीचा चलचित्र-कॅमेरा तयार केला. त्यांचे बंधू आनंदराव यांनी हे स्वप्न त्यांच्यासह पाहिले होते. ते १९१६ मध्ये अकाली निवर्तले, पण बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्यासारख्या शिष्याच्या साह्याने ते काम तडीस नेले आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवले. पडदे रंगवणाऱ्या हातांनी दातेरी चाके कातली, भिंगांचे गणित जमवले आणि परदेशी यंत्राची मिजास उतरवली.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण आहे. बेळगावात जागा सोडावी लागलेल्या या उद्योजकाला औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमीन दिली, कर्ज दिले आणि १९१० मध्ये निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आणला आणि पाहता पाहता ते गाव महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणून ओळखले जाऊ लागले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात सूतगिरणीची पायाभरणी केली. परकीय सत्ता असताना, संस्थानांची तिजोरी मर्यादित असताना हे घडले. राजाने कारागिराला जागा दिली आणि त्याच्या वाटेतून दूर झाला, एवढेच सूत्र त्यामागे दिसते.

त्याच मातीत ऊस पिकला, उसाच्या चरकासाठी आणि विहिरीवरील पंपासाठी ऑईल इंजिने लागली, इंजिनांच्या दुरुस्तीतून इंजिने बनवण्याची विद्या आली आणि तिच्या पोटी फाउंड्री उद्योग वाढला. आज शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहतींतून देशातील नामवंत वाहन कंपन्यांना सुटे भाग जातात. लाकडी साचा करणारा, वाळूत तो बसवणारा, तापलेला रस ओतणारा आणि थंड झालेले ओतीव लेथवर मापात आणणारा असे सारे हात येथे एका हाकेच्या अंतरावर आहेत. मोटारीचा जवळजवळ प्रत्येक अवयव कोल्हापुरात घडतो. कोल्हापूरच्या नावाची मोटार मात्र नाही. ज्याने ती घडवण्याचे धाडस केले, त्याचे काय झाले हे पाहिल्यावर या विसंगतीचे आश्चर्य वाटत नाही.

दोन दारे

परवाना-पद्धतीच्या समर्थनार्थ असे सांगितले जाते, की भांडवल थोडे होते, परकीय चलन तुटपुंजे होते, म्हणून नियमन आवश्यक होते. या युक्तिवादात काही तथ्य आहे. पण जी गाडी देशी डोक्यातून, देशी सामानातून आणि एका कुटुंबाच्या पैशातून घडत होती, तिने कोणते परकीय चलन खर्ची घातले असते? स्वदेशीच्या नावाने उभारलेली भिंत स्वदेशी कारागिरालाच आडवी आली, ही त्या धोरणाची खरी शोकांतिका आहे.

या भिंतीला दरवाजा नव्हता असेही नाही. १९७० च्या सप्टेंबरमध्ये छोट्या मोटारीसाठी वर्षाला ५० हजार गाड्यांचे इरादापत्र तत्कालीन पंतप्रधानांच्या चिरंजीवांना मिळाले. १९७१ मध्ये मारुती मोटर्स ही कंपनी नोंदली गेली. हरियाणा सरकारने गुडगावजवळ सुमारे ३०० एकर जमीन दिली. बँकांची दारे उघडली. तरीही लोकांच्या दारात गाडी आली नाही आणि १९७८ मध्ये न्यायालयाने ती कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला. या प्रकरणाच्या चौकशीसाठी जनता राजवटीत आयोग नेमावा लागला. पुढे १९८१ मध्ये सरकारी मारुती उद्योग जन्माला आली, १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार झाला आणि १९८३ च्या डिसेंबरमध्ये पहिली मारुती रस्त्यावर आली. त्या गाडीने मध्यमवर्गाची सेवा केली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण क्रम लक्षात घ्यावा. दिल्लीतील एका घराला इरादापत्र आधी मिळाले आणि गाडी झालीच नाही. इचलकरंजीतील एका घरात गाडी आधी झाली आणि परवाना आलाच नाही. एकाने दुसऱ्याचा घास हिरावला असे म्हणण्याची गरज नाही. दोन दारांची उंची निराळी होती, एवढे पुरे आहे.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एकात्म मानववादाच्या मांडणीत विकेंद्रित अर्थव्यवस्थेचा आणि देशाच्या प्रकृतीला मानवेल अशा यंत्रविद्येचा आग्रह धरला होता. यंत्र माणसासाठी असावे आणि ते घडवणारे हातही जास्तीत जास्त असावेत, हा त्यामागचा विचार. दत्तोपंत ठेंगडी यांनी भारतीय मजदूर संघासाठी विश्वकर्मा जयंती हा राष्ट्रीय श्रमदिन म्हणून स्वीकारला, त्यामागेही श्रम आणि निर्मिती यांची फारकत होऊ नये हीच भूमिका होती. 'मीरा' हे त्या विचाराचे चालते-फिरते उदाहरण ठरले असते.

आता दोष कोणाला द्यायचा?

येथवर वाचून कोणी सुखावून स्वस्थ बसेल, तर ती आत्मवंचना ठरेल. परवाना-राज १९९१ नंतर ओसरले. २०१४ पासून 'मेक इन इंडिया'चा घोष सुरू झाला. २०२३ च्या विश्वकर्मा जयंतीला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत लोहारासह १८ पारंपरिक व्यवसायांना स्थान मिळाले. हे सारे स्वागतार्ह आहे. पण आज इचलकरंजीत दुसरे शंकरराव उभे राहिले आणि त्यांनी घरच्या गॅरेजमध्ये गाडी बांधली, तर ती रस्त्यावर येईल काय? प्रामाणिक उत्तर नकारार्थी आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार वाहनाचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. लाखो गाड्या काढणाऱ्या कंपनीला आणि एकच गाडी जोडणाऱ्या माणसाला हीच शिडी. कंपनी तपासणीचा खर्च लाखो गाड्यांवर वाटते, एकट्या माणसाने तो कोणावर वाटायचा? नोंदणी झालेल्या वाहनात मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत स्पष्ट केले आहे. २०२१ च्या अखेरीस सांगली जिल्ह्यातील एका लोहाराने सुमारे ६० हजार रुपयांत, भंगारातील सामान जमवून चारचाकी तयार केली. तिचे देशभर कौतुक झाले. एका बड्या उद्योगपतींनी त्या बदल्यात त्याला नवी गाडी दिली, आणि तेव्हाच हेही सांगितले की त्याची स्वतःची गाडी नियमांमुळे आज ना उद्या रस्त्यावरून हटवली जाईल. औदार्य मोठे होते, यात शंका नाही. पण कारागिराला बक्षीस द्यायचे आणि त्याच्या कृतीला संग्रहात ठेवायचे, ही काही उद्योगधंद्याची रीत नव्हे.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र हलक्याने घेता येणार नाही. देशात रस्ते अपघातांत दरवर्षी दीड लाखांहून अधिक माणसे प्राण गमावतात. ब्रेक, सुकाणू आणि दिवे यांची खातरजमा न करता कोणालाही रस्ता मोकळा करून देणे हा गुन्हा होईल. म्हणून मागणी सवलतीची नको, स्वतंत्र परीक्षेची हवी. ब्रिटनमध्ये घरी जोडलेल्या एकेका गाडीची वैयक्तिक तपासणी होते. ती उत्तीर्ण झाली तर नोंदणी, नाही तर दुरुस्ती करून पुन्हा परीक्षा. आपल्याकडे हे अशक्य आहे काय? २०२१ मध्येच केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील वाहनांसाठी नोंदणीचा स्वतंत्र वर्ग निर्माण केला. जुन्या वाहनांवर विजेचे मान्यताप्राप्त किट बसवण्यालाही नियमांनी वाट दिली. परदेशातून कधीकाळी आलेल्या राजेशाही मोटारींसाठी जर वेगळा वर्ग होऊ शकतो, तर या मातीतल्या माणसाने घडवलेल्या मोटारीसाठी का नाही? परवडणारे शुल्क, मर्यादित वेग, व्यापारी वापरास मनाई आणि कठोर तपासणी अशा अटींवर हे सहज करता येईल.

दुसरी गोष्ट सरकारच्या हातची नाही, ती घराघरांतली आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी 'बाहा' आणि 'सुप्रा' यांसारख्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी रात्ररात्र जागून गाड्या बांधतात. स्पर्धा संपली की गाडी महाविद्यालयाच्या शेडमध्ये गंजते आणि मुलगा संगणकाच्या नोकरीसाठी पुण्या-बंगळूरला जातो. हाताला काळे लागणारे काम दुय्यम, ही समजूत इंग्रजांनी रुजवली असेल, पण तिला पाणी आपणच घालत आलो. खंडेनवमीला हत्याराची पूजा करायची आणि दुसऱ्या दिवशी मुलाने हत्यार हाती घेतले तर त्याला 'शिकून हेच करणार का?' असे विचारायचे, हा दुटप्पीपणा आपला आहे. त्याचे खापर कोणत्याही परवाना-कार्यालयावर फोडता येणार नाही.

कोल्हापुरात पैलवानांची, चित्रपटांची, गुळाची आणि चपलांची स्मृती जिवापाड जपली जाते. त्या मालिकेत 'मीरा'लाही मानाचे स्थान मिळाले पाहिजे. जिल्ह्यातील एखाद्या तंत्रशिक्षण संस्थेने तिच्या जन्मकथेची व्यवस्थित नोंद करावी, तिच्या रचनेचा अभ्यास विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, एवढे तरी अवघड नाही. आणि पुढच्या खंडेनवमीला उद्यमनगरातील एखाद्या शेडमध्ये लेथच्या शेजारी घरी बांधलेली एखादी छोटी मोटार झेंडूच्या माळा घालून उभी असेल, तिला रस्त्यावर येण्याची कायदेशीर वाट असेल, तर शंकररावांचे ऋण काही अंशी फिटले असे म्हणता येईल. सीमोल्लंघन त्यानंतरच खरे.