प्रास्ताविक पुरे, प्रश्न घ्या

चर्चा रात्री आठची. आठ वाजून दहा मिनिटांपर्यंत ‘आवाज येतोय का?’, ‘सर, तुमचा माइक बंद आहे’ आणि ‘अजून दोन मिनिटं थांबू, लोक जॉइन होताहेत’. मग आयोजक संस्थेची वाटचाल, मग पहिल्या पाहुण्यांचा परिचय पुरस्कारांच्या यादीसह, मग दुसऱ्यांचा. पहिला प्रश्न विचारला जातो तेव्हा पावणेनऊ होत आलेले असतात आणि ज्यांना विचारायचे होते त्यातले बरेचसे जेवायला उठलेले असतात. समाजमाध्यमांवरच्या मराठी थेट चर्चांचा हा जवळपास ठरलेला साचा. सभागृहातला कार्यक्रम मोबाइलवर आणताना सभागृहातले सगळे मानपानही सोबत आले; दीपप्रज्वलन तेवढे बहुधा वगळले जाते.

सभागृहात हे खपते. मधूनच उठायला संकोच वाटतो, शिवाय शेवटी चहा असतो. मोबाइलवरचा श्रोता अंगठा एकदा फिरवून निघून जातो आणि त्याचे कोणाला वाईटही वाटत नाही.

गोंधळ मुळात समजुतीचा आहे. महाराष्ट्रात ‘फेसबुक लाइव्ह’ घरोघरी पोहोचले ते करोनाकाळात, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या संवादांमुळे. २९ जून २०२२ रोजी राजीनाम्याची घोषणाही त्यांनी तिथूनच केली. ते निवेदन होते, आणि निवेदन एकतर्फीच असते. चर्चेत मात्र ऐकणाऱ्याला मध्ये बोलण्याचा हक्क असतो. तो द्यायची तयारी नसेल तर सरळ भाषण जाहीर करावे, त्यात कमीपणा काही नाही.

हा हक्क नाकारला की काय होते, ते हॉलिवूडचा अभिनेता वुडी हॅरेलसन याने फेब्रुवारी २०१२ मध्ये अनुभवले. रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळावर ‘मला काहीही विचारा’ नावाचा प्रश्नोत्तरांचा प्रकार आहे. हॅरेलसन तिथे आला तो ‘रॅम्पार्ट’ या चित्रपटाच्या जाहिरातीसाठी. लोक भलतेसलते विचारत होते आणि उत्तरांची गाडी वळूनवळून ‘रॅम्पार्ट’वर येत होती. लोक चिडले, मग खिल्ली उडवू लागले. पुढे कोणी पाहुणा फक्त स्वतःचा माल विकायला आला, की त्याला ‘रॅम्पार्ट’ची आठवण करून देण्याची तिथे पद्धतच पडली.

जेपी मॉर्गन या अमेरिकी बँकेची गत आणखी वाईट. नोव्हेंबर २०१३ मध्ये तिने ट्विटरवर एका बड्या अधिकाऱ्याशी करिअरविषयक गप्पा जाहीर केल्या आणि प्रश्न आधीच मागवले. बँकेमागे तेव्हा चौकशा आणि दंडांचा ससेमिरा लागला होता. प्रश्न आले ते त्याबद्दलच, आणि बहुतेक जिव्हारी लागणारे. आदल्या रात्री बँकेने कार्यक्रम रद्द केला आणि कल्पनाच चुकली, असे त्याच खात्यावरून कबूल केले. प्रश्न आधी मागवण्यात चूक नव्हती, उलट तेच शहाणपणाचे. आपल्याबद्दल बाहेर काय बोलले जाते याचा कानोसा मात्र त्याआधी घ्यायला हवा होता.

याउलट बराक ओबामा. २९ ऑगस्ट २०१२ रोजी ते रेडिटवर साधारण अर्धा तास होते. गर्दीने संकेतस्थळ अधूनमधून कोलमडत होते, उत्तरे झाली मोजून दहा. तरीही त्या प्रश्नोत्तरांची आठवण आजही काढली जाते. वेळ थोडा आणि तो आधी सांगितलेला, त्यामुळे सगळ्या प्रश्नांना उत्तर मिळेल अशी आशा कोणी धरली नव्हती.

अशा कार्यक्रमांच्या जाहिरातीत मोठा फोटो पाहुण्याचा असतो आणि सूत्रसंचालकाचे नाव खाली बारीक अक्षरात. उलटे व्हायला हवे, असे म्हणण्याइतका पुरावा रेडिटनेच दिला आहे. व्हिक्टोरिया टेलर या तिथल्या कर्मचारी नामवंतांच्या प्रश्नोत्तरांची व्यवस्था पाहत. टंकता न येणाऱ्या पाहुण्याला प्रश्न वाचून दाखवायचे, त्याचे उत्तर त्याच्याच बोलीत उतरवायचे, समोरचा माणूस खराच तो आहे याची खात्री करायची, ही त्यांची कामे. जुलै २०१५ मध्ये त्यांना अचानक काढले. प्रश्नोत्तरांचा विभाग चालवणाऱ्या स्वयंसेवकांनी तो विभागच बंद केला, पाठोपाठ इतर कितीतरी विभागांनी दारे लावली. कंपनीच्या प्रमुख एलेन पाओ यांनी जाहीर माफी मागितली. आणखीही वाद पेटलेले होते, पण आठवडाभरातच त्या पायउतार झाल्या. कोणत्याही बड्या पाहुण्याच्या गैरहजेरीने एवढे घडले नसते.

सूत्रधाराचे काम चर्चेच्या आधीच निम्मे होते, आणि त्यात सर्वांत अवघड काम विषय लहान करण्याचे. ‘मराठी शाळांचे भवितव्य’ या विषयावर कोणीही काहीही बोलू शकतो, म्हणून कोणीच नेमके बोलत नाही. ‘आपल्या तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा पट का घटला?’ असे विचारले की शिक्षक, पालक आणि गटशिक्षणाधिकारी तिघांनाही उत्तर द्यावे लागते. पाहुणे तीन पुरेत. एक्सवरच्या (पूर्वीच्या ट्विटरवरच्या) ‘स्पेसेस’ या थेट आवाजी चर्चांमध्ये यजमान, दोन सहयजमान आणि दहा वक्ते अशी सोय आहे, म्हणून तेराही जागा भरण्याचा मोह होतो. तेरा जण तासाभरात बोलले तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटेही येत नाहीत; श्रोत्याचा तर हिशेबच नाही.

यूट्यूबची गंमत वेगळी. तिथे बोललेला शब्द प्रेक्षकापर्यंत काही सेकंद उशिरा पोहोचतो. सूत्रसंचालक विचारतो, ‘कोणाला काही विचारायचंय का?’, थोडे थांबतो, ‘नाही? बरं, पुढे जाऊ’ म्हणतो. आणि तेवढ्यात खाली प्रश्नांची रांग लागते. उपाय साधा आहे: पाच-सहा प्रश्न आदल्या दिवशी मागवून हाताशी ठेवायचे आणि खालचे प्रश्न वेचायला एक स्वतंत्र माणूस बसवायचा. बोलणाऱ्यानेच प्रतिक्रिया वाचायच्या म्हटले की दोन्हीकडे लक्ष नाही.

वेळेचेही तसेच. जाहिरातीवर ‘रात्री ८.३०’ एवढेच असते. त्या वेळी न्यू जर्सीतल्या मराठी माणसाच्या घड्याळात हिवाळ्यात सकाळचे दहा वाजलेले असतात, उन्हाळ्यात अकरा. तिकडची घड्याळे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये सरकतात, इकडची नाहीत. भारतीय वेळ असे नुसते लिहिले, तरी निम्मी चुकामूक टळते.

तंत्र बिघडणार हे गृहीतच धरावे. अमेरिकी राजकारणी रॉन डीसँटिस यांनी २४ मे २०२३ रोजी अध्यक्षपदाची उमेदवारी ट्विटरवरच्या थेट चर्चेत जाहीर केली, तेव्हा कंपनीचा मालक इलॉन मस्क स्वतः त्या चर्चेत होता. तरी वीस मिनिटांहून जास्त वेळ आवाज तुटत राहिला आणि अखेर दुसऱ्याच्या खात्यावरून नव्याने सुरुवात करावी लागली. दुसरे खाते तयार होते, हे महत्त्वाचे.

मात्र तंत्रापेक्षा माणसे जास्त बिघडतात. क्लबहाउस या आवाजी गप्पांच्या ॲपवरच्या एका चर्चेत मुस्लिम महिलांबद्दल अश्लील शेरेबाजी झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी हरियाणातून तिघांना अटक केली. अशा वेळी माइक काढून घेणारा हात कोणाचा, हे चर्चा सुरू होण्याआधीच ठरलेले हवे. सगळे अवाक् होऊन पाहत राहतात, कारण यजमानाला वाईटपणा घ्यायचा नसतो. तो घ्यायचा नसेल तर यजमानपद दुसऱ्याला द्यावे.

बोलणे रेकॉर्ड होते आहे, हेही सुरुवातीलाच सांगायला हवे. एप्रिल २०२१ मध्ये पश्चिम बंगालच्या मतदानाच्या दिवशीच निवडणूक रणनीतीकार प्रशांत किशोर यांच्या क्लबहाउसवरच्या गप्पांचे तुकडे भाजपने समाजमाध्यमांवर टाकले. पूर्ण संभाषण टाका, असे आव्हान किशोर यांनी दिले. पूर्ण रेकॉर्डिंग यजमानानेच त्याच रात्री प्रसिद्ध केले, तर तुकड्यांचा भाव उतरतो. कोणता प्रश्न कितव्या मिनिटाला आला, याची नोंद सोबत दिली तर दीड तास ऐकायची कोणावर सक्ती उरत नाही. वेळेअभावी राहिलेल्या प्रश्नांची उत्तरे पाहुण्यांकडून लेखी घेऊन दोन दिवसांत तिथेच टाकता येतात. पाहुणे बहुधा आनंदाने देतात. त्यांच्याकडे मागायला मात्र कोणी जात नाही.