शिष्यांनी घडविलेला आचार्य

वैशाख पौर्णिमेच्या सभेत एक वाक्य हमखास ऐकू येते : भारताने चीनला धम्म दिला. टाळ्या पडतात. आम्हीही इतिहासाच्या तासाला हे वाक्य कित्येक वर्षे फळ्यावर लिहीत आलो. आता मात्र हे वाक्य अर्धे आहे, असे आम्हांस वाटू लागले आहे. ‘दिला’ या क्रियापदात देणाऱ्याचा हात दिसतो. घेणाऱ्याचे कष्ट दिसत नाहीत. आणि तो देणारा तरी कोण होता? परक्या मुलखात अडकलेला, थंडीत कुडकुडणारा, परतीचे जहाज शोधणारा एक शिक्षक. त्या शिक्षकाचे रोजचे जगणे पाहिल्यावाचून हा इतिहास कळत नाही, आणि तो कळला नाही तर आपल्या शाळेचेही काही नुकसान होते, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आरंभ आजच्या चीनपासून करू. तेथे शिकवावयास गेलेल्या परदेशी शिक्षकाला रस्त्यावर पहिला शब्द ऐकू येतो तो ‘लाओवाय’, म्हणजे बाहेरचा माणूस. वर्गात त्याला ‘लाओशी’ म्हणजे गुरुजी म्हणतात. ‘लाओ’ हे आदराचे अक्षर दोन्ही शब्दांत आहे. परंतु या दोन शब्दांमधले अंतर तोडावयास त्याला काही वर्षे लागतात. बाजारात गेला तर जीभ अडते. ‘माय’ हा शब्द आपल्या कानाला आईचा. तेथे एका सुरात उच्चारला तर त्याचा अर्थ ‘विकत घेणे’ आणि दुसऱ्या सुरात ‘विकणे’. दुकानदार हसतो, शेजारी पाहत राहतो. तहान लागली म्हणून पाणी मागावे तर समोर वाफाळते गरम पाणी येते. त्याच्या मूळ नावाचा उच्चार लोकांना जमत नाही, म्हणून त्याला एक चिनी नाव दिले जाते. ज्याला शिकवावयाचे, त्याच्याकडूनच चालणे-बोलणे, खाणे-पिणे पुन्हा शिकावे लागते. प्रौढ, पदवीधर माणसाला ही गोष्ट सोपी जात नाही.

आपले आचार्य दीड हजार वर्षांपूर्वी याच अनुभवातून गेले. कुमारजीवांचेच पाहा. पिता भारतीय, माता कुचा राज्याची राजकन्या, इ.स. 344 मधला जन्म. त्यांची कीर्ती ऐकून चीनच्या राजाने सेनापती ल्यू ग्वांग यास त्यांना आणावयास पाठविले. त्याने त्यांना आणले ते बंदी म्हणून. त्याला धम्माशी कर्तव्य नव्हते. हा विद्वान भिक्खू खाली पडावा आणि सैनिकांनी हसावे, एवढ्यासाठी त्यांना बैलावर आणि अवखळ घोड्यावर बसविले जाई. वायव्य सीमेवरील लियांगचौ येथे त्यांची सुमारे सतरा वर्षे गेली. परंतु त्याच वर्षांत ते चिनी भाषा शिकले. इ.स. 401 च्या अखेरीस ते चांगआन या राजधानीत पोहोचले तेव्हा त्यांच्यापाशी ग्रंथांबरोबर ऐकणाऱ्यांची भाषाही होती.

चांगआनच्या अनुवादशाळेतील एक प्रसंग आम्ही दरवर्षी नव्या शिक्षकांना सांगतो. सद्धर्मपुंडरीक सूत्राचे काम चालू होते. देव आणि माणसे यांच्या परस्परदर्शनाविषयीचे एक वाक्य जुन्या अनुवादात होते. कुमारजीव म्हणाले, अर्थ मुळासारखाच आहे, पण शब्द फार ओबडधोबड वाटतात. सेंगरुई नावाच्या शिष्याने तेथल्या तेथे एक नवी शब्दरचना सुचविली. आचार्य आनंदले आणि तीच रचना त्यांनी स्वीकारली. ज्या ग्रंथावर कुमारजीवांचे नाव आहे, त्यात सेंगरुईचे वाक्य आहे. गुरूने शिष्याचा शब्द आपल्या शब्दापेक्षा चांगला मानला, ही धम्माच्या इतिहासातील लहान घटना नव्हे.

कुमारजीवांना निदान अखेरीस राजाश्रय लाभला. आचार्य परमार्थांची कथा अधिक कष्टाची आहे. ते उज्जयिनीचे. जन्म इ.स. 499. फुनान म्हणजे आजच्या कंबोडियाच्या बाजूने, ताडपत्रांच्या पोथ्या घेऊन, ते इ.स. 546 मध्ये दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर, आजच्या ग्वांगचौजवळ उतरले. दोन वर्षांनी ते जिआनकांगला म्हणजे आजच्या नानजिंगला पोहोचले. लियांग घराण्याचा सम्राट वू हा बुद्धभक्त. त्याने त्यांचे स्वागत केले. काम सुरू होणार तोच हौ जिंग याचे बंड उसळले. इ.स. 549 मध्ये राजवाड्याचा पाडाव झाला आणि वृद्ध सम्राट कैदेत मरण पावला. ज्याने बोलावले तो यजमानच गेला, आणि पन्नाशीचा हा परदेशी शिक्षक पोथ्या घेऊन वाट फुटेल तिकडे निघाला.

पुढची कित्येक वर्षे ते गावोगाव फिरत राहिले. फूचुन या गावी एका अधिकाऱ्याने आसरा दिला. वीसेक माणसे जमली. सतरा भूमींच्या ग्रंथाचा अनुवाद सुरू झाला आणि अर्ध्यावर थांबला. घराणे बदलले, राज्यकर्ते बदलले. आजच्या भाषेत सांगायचे तर नेमणूक नाही, वेतन नाही, निवास नाही. त्यांनी परत जाण्याचे ठरविले. लोकांनी गळ घालून थांबविले. अखेर इ.स. 562 मध्ये ते जहाजात बसलेच. वारे फिरले आणि जहाजाने त्यांना पुन्हा ग्वांगचौच्या किनाऱ्यावर आणून सोडले. सोळा वर्षांपूर्वी ते जेथे उतरले होते, तोच हा किनारा.

येथून पुढची सात वर्षे हीच त्यांच्या आयुष्यातील खरी शाळा होय. तेथल्या प्रांताधिपतीने आश्रय दिला आणि हुइकाय नावाचा शिष्य लाभला. आचार्य तोंडाने अर्थ सांगत, हुइकाय लिहून घेई. प्रत्येक प्रकरण, प्रत्येक वाक्य दोघे घासून पाहत. महायानसंग्रह झाला, अभिधर्मकोश झाला. कोशाचा अनुवाद समाधानकारक वाटेना म्हणून तो पुन्हा मुळापासून तपासला गेला. हुइकायने आपल्या प्रस्तावनेत नमूद केले आहे की आचार्य इतकी वर्षे या देशात हिंडल्यामुळे येथील भाषेचा अर्थ आणि उच्चार उत्तम जाणतात, त्यांना दुभाष्याची गरज उरलेली नाही. परदेशी शिक्षकास मिळालेले याहून मोठे प्रशस्तिपत्र आम्हांस ठाऊक नाही, आणि ते शिष्याने दिलेले आहे.

सातव्या शतकातील चरित्रकार दाओश्वान याने या दोघांची एक रात्र टिपून ठेवली आहे. कडाक्याचा हिवाळा होता. आचार्यांच्या अंगावर अपुरी वस्त्रे. शिष्य रात्रभर शांतपणे उभे राहून प्रश्न विचारीत होते. बोलता बोलता आचार्यांचा डोळा लागला की हुइकाय हळूच त्यांच्या पायांवर पांघरूण घाली. आचार्यांच्या ते लक्षात येई आणि ते पांघरूण ओढून जमिनीवर टाकीत. शिष्यांना न मिळणारी ऊब आपल्याला नको, असा त्या कृतीचा अर्थ आम्ही लावतो. कोणी दुसरा लावील. परंतु त्या खोलीत कोण कोणाची काळजी घेत होते हे ठरविणे कठीण आहे, एवढे मात्र खरे.

याच आचार्यांनी इ.स. 568 मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षी, आयुष्य संपविण्याच्या विचाराने डोंगराची वाट धरली होती. हुइकाय आणि इतर शिष्य धावत गेले, विनवण्या करून त्यांना परत घेऊन आले. ही गोष्ट आमच्या व्याख्यानांतून सहसा वगळली जाते. ती वगळू नये, असे आमचे ठाम मत आहे. आचार्यही खचतात. जो खचला त्याची विद्वत्ता त्यामुळे कमी होत नाही, आणि त्याला माघारी आणणारी माणसे त्याच्या शिष्यांतूनच येऊ शकतात.

शिष्यांनी मग त्यांना राजधानीत नेण्याचा प्रयत्न केला. तेथील प्रतिष्ठित भिक्खूंनी तो हाणून पाडला. दक्षिणेत झालेले हे अनुवाद राज्यकारभारास बाधक आहेत, असे त्यांनी दरबारात कळविले. खरे कारण दाओश्वानने लिहून ठेवले आहे : आपला मान जाईल ही भीती. पीठावर बसलेल्यांनी बाहेरच्याला दारातच अडवावे, ही रीत केवळ आपल्या वर्णव्यवस्थेची नाही. चीवर पांघरलेल्यांच्या हातूनही ती घडते. बाबासाहेबांच्या अनुयायांनी हे विशेष ध्यानात ठेवले पाहिजे, कारण आता आपल्याही संस्था आहेत, आपलीही पीठे आहेत.

त्याच वर्षी हुइकाय वारला. वृद्ध आचार्यांचा शोक अनावर झाला. त्यांनी दाओनी आदी बारा शिष्यांना एकत्र बोलावले आणि हे दोन ग्रंथ शिकविण्याचे काम खंडित होऊ देणार नाही, अशी प्रतिज्ञा त्यांच्याकडून घेतली. पुढील वर्षाच्या, इ.स. 569 च्या आरंभी परमार्थ गेले. चीनमधील त्यांचे वास्तव्य तेवीस वर्षांचे.

प्रतिज्ञा पाळली गेली. दाओनी इ.स. 590 मध्ये, नव्या राजवटीत, चांगआनला गेला आणि राजधानीने ज्यांना नाकारले त्यांचीच विद्या राजधानीत शिकवू लागला. सातव्या शतकातील तरुण ह्युएन त्संग महायानसंग्रहाची व्याख्याने ऐकत वाढला. परमार्थांच्या हातून अर्धा राहिलेला सतरा भूमींचा ग्रंथ पूर्ण मिळावा, हाही त्याच्या भारतयात्रेचा एक हेतू होता. तो नालंदेला आला, महाराष्ट्रातही आला. दुसऱ्या पुलकेशीच्या काळातील आपल्या लोकांचे जे वर्णन आज पाठ्यपुस्तकात आहे ते त्याचे. अभिधर्मकोशाचे मूळ संस्कृत भाष्य मात्र या देशात कोणी जपले नाही; विसाव्या शतकात राहुल सांकृत्यायनांनी त्याची पोथी तिबेटच्या मठात शोधून काढली. तोपर्यंत तो ग्रंथ जगाला प्रामुख्याने चिनी आणि तिबेटी अनुवादांतून ठाऊक होता. ज्या भूमीने आचार्य पाठविले तिने ग्रंथ गमावले. ज्या भूमीने शिष्य दिले तिने ते राखले. मग ‘आम्ही दिले’ असे म्हणताना आवाज थोडा खाली यावयास नको काय?

आधुनिक काळात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच वाटेने गेले. 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला पोहोचले, चिनी शिकले आणि बेथ्यून यांच्या नावाच्या वैद्यकीय विद्यालयात त्याच भाषेत शल्यशास्त्र शिकवू लागले. 9 डिसेंबर 1942 रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. चीनमध्ये त्यांची आठवण आजही ठेवली जाते; ज्याने आमची भाषा शिकून आम्हांला शिकविले, अशा माणसाची आठवण राहते.

आता आपल्या शाळेकडे येऊ. जून महिन्यात पत्र्याची पेटी घेऊन वसतिगृहात येणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी आम्ही शिक्षकच ‘लाओवाय’ असतो. आमची प्रमाणभाषा त्याला परकी, आणि त्याची बोली आम्हांस ‘अशुद्ध’. एक कबुली येथे दिली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत सहावीतल्या एका मुलाने उन्हाळ्यात आई दुरून पाणी कशी आणते यावर निबंध लिहिला होता. त्याने सर्वत्र ‘पानी’ लिहिले होते. आम्ही नऊ ठिकाणी तांबड्या शाईने वर्तुळे काढली आणि वही परत केली. त्या मुलाने वर्षभर पुन्हा स्वतःच्या मनाचे काही लिहिले नाही. फळ्यावरचे उतरवून घेई. निबंध चांगला होता, हे आम्हांस फार पुढे आठवले. सेंगरुईचे वाक्य स्वीकारणारा आचार्य आम्ही पुस्तकात वाचला होता; वर्गात मात्र त्याच्या उलट वागलो. ‘पाणी’ शिकवावयाचेच होते. परीक्षा त्याच भाषेत आहे. परंतु आधी निबंध वाचावयाचा होता.

म्हणून दोन सूचना नम्रपणे मांडतो. पहिली : नव्याने येणाऱ्या मुलाचे पहिले सत्र तरी त्याच्या बोलीला वर्गात जागा असावी, आणि शिक्षकाने ती बोली शिकावी, कोरकू असो, गोंडी असो, वऱ्हाडी असो. दुसरी : या स्मरणिकेत संस्थापकांची आणि शिक्षकांची छायाचित्रे आहेत, ती असलीच पाहिजेत. परंतु रात्रीच्या अभ्यासाला लहानांना घेऊन बसणारे, आजारी सोबत्याची वही उतरवून देणारे, सुटीत गावी जाऊन दुसऱ्या मुलाला शाळेत घेऊन येणारे विद्यार्थीही या शाळेचे हुइकाय आहेत. पुढच्या स्मरणिकेत त्यांची यादी छापावी. ती तयार करण्याचे काम आम्ही आनंदाने अंगावर घेतो, आणि त्या यादीत पहिले नाव कोणाचे असावे हे आम्हांस ठाऊक आहे. तो आज दुसऱ्या एका जिल्ह्यात मराठीचा शिक्षक आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!