झाडूच्या दांड्याचा मासा

घरातल्या झाडूचा दांडा अचानक वीतभर आखूड झाला तर इतर घरांत काय करतात मला ठाऊक नाही. आमच्याकडे बेसमेंटच्या जिन्यावरून "अहो!" अशी हाक येते. ही हाक मी पंचेचाळीस वर्षं ओळखतो. तिच्यात प्रश्न नसतो, निकाल असतो. मी खाली दिव्याजवळ बसलेला असतो. मांडीवर जुना टॉवेल, टॉवेलवर ढलप्या आणि हातात त्या हरवलेल्या वीतभर दांड्याचा झालेला मासा. निदान मला तो मासा वाटतो. सौ.च्या मते ते लाटणं आहे, आणि तेही फसलेलं.

तर अपराध आधीच कबूल करून टाकतो. मी न्यू जर्सीत राहतो. सत्तरी ओलांडली आहे. (इथे सत्तरीनंतर रहिवाशाला गोड्या पाण्यात मासे धरायला परवाना काढावा लागत नाही. म्हातारपणाचा एवढा एकच फायदा मला आजवर सापडला आहे.) घरापासून पंधरा मिनिटांच्या चालीवर एक जुना कालवा आहे, आणि त्यात राहणाऱ्या बास नावाच्या माशाला मी स्वतः तासलेल्या लाकडी माशानं फसवायला बघतो. अशा खोट्या माशाला इकडे ल्यूअर म्हणतात. ह्यात झाडूखेरीज कुणाचं काही बिघडत नाही, असं माझं मत होतं. पण गेल्या दिवाळीच्या फराळाला आमचे एक डॉक्टर स्नेही भरल्या घरात म्हणाले, "अहो, दहा-पंधरा डॉलरला दुकानात उत्तम ल्यूअर मिळतो. भिकेला लागल्यासारखे झाडू काय कापत बसता?" लोक हसले. मीही हसलो. तोंडात चकली असताना भांडता येत नाही. ते राहून गेलेलं भांडण आता इथे करतो आहे.

डॉक्टरही बासच धरतात. त्यांची बोट त्यांच्या ड्राइव्हवेत झाकून ठेवलेली असते आणि गाडी बिचारी बाहेर रस्त्यावर भिजते. बोटीला अडीचशे अश्वशक्तीचं इंजिन आहे. अडीचशे घोडे म्हणजे एखाद्या संस्थानाची पागा झाली! एवढी पागा घेऊन डॉक्टर पाण्यात जातात आणि करतात काय? तर एका जागी निश्चल उभे राहतात. पुढ्यात एक पडदा असतो, त्यावर पाण्याखालचा मासा हलताना दिसतो. आठवडाभर माणसांची सोनोग्राफी बघून कंटाळलेला हा सज्जन शनिवारी पहाटे उठून चार तास गाडी हाकतो तो माशाची सोनोग्राफी करायला. वर मलाच विचारतात, की तुम्ही निवृत्तीनंतर वेळ कसा घालवता?

त्यांच्याबरोबर मी एकदा त्या दुकानातही गेलो होतो. भिंतच्या भिंत ल्यूअरनी भरलेली. मला दादरची साड्यांची दुकानं आठवली. फरक एवढाच, की दादरला निदान बसायला गादी असते. बायकोच्या खरेदीला अर्ध्या तासात जांभया देणारे पुरुष इथे दोन दोन तास उभे होते, आणि तोच मासा सव्वीस रंगांत पाहून "ह्यात जरा फिकट आहे का?" असं गंभीरपणे विचारत होते. एका रंगाचं नाव 'फायर टायगर'. पोपटी अंग, नारिंगी पोट, काळे पट्टे. आता कालव्यातल्या बासनं वाघ कधी पाहिला असेल? पण वाघ माशासाठी नसतोच. पाकीट माशाच्या खिशात नसतं, ते ज्याच्या खिशात असतं त्याच्यासाठी तो रंगवलेला असतो. त्या दुकानात गळ टाकलेले असतात ते जमिनीवर, आणि रोज भरपूर लागतात. त्या दिवशी डॉक्टर एकशे चाळीस डॉलरला लागले. मीही एका बेडकाला लागलो होतो, खोटं कशाला बोलू? नऊ डॉलर. तिसऱ्याच फेकीला तो झाडावर जाऊन बसला आणि अजून तिथेच आहे.

गंमत अशी, की त्या भिंतीवरचे बहुतेक मासे जन्मले ते माझ्यासारख्याच्या घरात. फिनलंडमधल्या लाउरी रापाला नावाच्या गरीब कोळ्यानं १९३६ साली बुचाचा मासा कोरला, चॉकलेटची चांदी त्याला गुंडाळली आणि वर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून तो लेप दिला. अमेरिकेत निक क्रीम ह्या गृहस्थानं १९४९ च्या सुमारास ओहायोत, घरच्या शेगडीवर प्लॅस्टिक शिजवून रबरासारखा गांडूळ केला. त्याच्या पत्नीनं त्या पातेल्याचं पुढे काय केलं, हे इतिहासात नाही. आमच्याकडे असतं. मिशिगनमधल्या जेम्स हेडननं तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकडाचे बेडूक तासले. म्हणजे झाडू कापणाऱ्यांचं घराणं चांगलं जुनं आहे. डॉक्टर ज्याला भीक म्हणतात, तिच्यावरच त्या दुकानाची भिंत उभी आहे.

आता माझा मासा कसा होतो ते सांगतो, म्हणजे आरोपपत्र पूर्ण होईल. दांड्याचा तीन इंचाचा तुकडा घ्यायचा. चाकूनं डोक्याकडे जाड, शेपटीकडे निमुळता तासायचा. मग कानस, मग पॉलिश पेपर. नाकाला आणि पोटाला स्क्रूच्या बारीक कड्या, पोटाखाली तीन टोकांचा गळ. माझा पहिला मासा इथवर येऊन पाण्यात पडला आणि ताबडतोब उताणा झाला. मेलेला मासा हुबेहूब साधला होता, पण मला जिवंत हवा होता. पोटात भोक पाडून शिशाचा तुकडा बसवावा लागतो, तेव्हा तो शुद्धीवर येतो. बुडी मारायला हवी असेल तर तोंडाखाली पातळ पट्टी लागते. ती मी रसगुल्ल्याच्या डब्याच्या पत्र्यातून कापतो. पट्टी अंगाच्या रेषेत आडवी लावली तर मासा खोल जातो, उभी लावली तर वरच्यावर डुलत येतो. तो डावीकडे पळायला लागला तर नाकातली कडी किंचित उजवीकडे वाकवायची. ह्या चाचण्या बाथटबमध्ये होतात. रंगाचं काम नेलपॉलिशवर भागतं. एका लग्नाच्या संध्याकाळी सौ.ला तिची ठेवणीतली डाळिंबी बाटली रिकामी सापडली आणि त्याच क्षणी माझा मासा गळ्यापाशी डाळिंबी असल्याचं तिच्या ध्यानात आलं. त्या लग्नाला आम्ही दोन वेगळ्या विषयांवर बोलत गेलो.

हे सगळं ऐकून डॉक्टरांनी कागद घेऊन हिशेब मांडला होता. "तुमचे सहा तास धरा. तुमच्या जुन्या पगाराच्या दरानं हा मासा तुम्हाला तीनशे डॉलरला पडला!" हिशेब बिनचूक होता. पण ह्याच दरानं वहिनींच्या उकडीच्या मोदकांचा भाव काढायचं धाडस त्यांनी करून दाखवावं, मग मी झाडू सोडतो. आणि खरं सांगायचं तर त्या सहा तासांत मला जे कळलं ते पुडक्यावर छापलेलं नसतं. एखादा मासा कुठे, किती खोल, कोणत्या बाजूला झुकून पोहतो हे ज्यानं त्याचं पोट कोरलं त्याला कळतं. शिवाय दुकानाचा ल्यूअर झाडात अडकला की माणूस दोरा तोडून मोकळा होतो. कालव्यावरच्या फांद्यांवर असे पुष्कळ वाघ, बेडूक लटकताहेत, दोऱ्यांसकट. माझा अडकला की मी शिडी आणतो. पोटचा आहे तो!

डॉक्टरांचा दुसरा मुद्दा असा, की "त्या गटारात काय मिळणार?" गटार म्हणजे आमचा डेलावेअर-रॅरिटन कालवा. १८३० ते १८३४ ह्या चार वर्षांत आयर्लंडहून आलेल्या मजुरांनी तो बराचसा हातानं खणला. १८३२ च्या कॉलऱ्यात त्यांतले कितीतरी काठावरच गेले. खेचरं काठानं चालत आणि कोळशाच्या होड्या ओढत. १९३२ नंतर होड्या थांबल्या, १९७४ साली उद्यान झालं, आणि पाणी आजही लोकांच्या नळाला जातं. डॉक्टर ज्याला गटार म्हणतात त्याचाच चहा पीत असतील कदाचित. खेचरांच्या वाटेवरून आता मी चालतो. त्यातला तो मोठ्या तोंडाचा बास इथला मूळचा नव्हेच. त्यालाही कुणीतरी एकोणिसाव्या शतकात बाहेरून आणून सोडला आणि तो राहिला. मला हे समजलं तेव्हापासून आमचं जास्त जमतं.

माझं लहानपण अलिबागच्या खारेपाटातलं. तिथे जिताडा. हॉटेलवाले त्यालाही बासच म्हणतात, पण ह्या बासचा तो नात्यातला नव्हे. गळ तेवढा विकतचा, बाकी बांबू घरचा, सुतळी घरची, तरंगायला तुटक्या स्लिपरचा तुकडा आणि कोलंबी खाडीची. जिताड्यासाठी चार तास प्रवास केला असं सांगितलं असतं तर आजीनं डोक्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या असत्या. आणि लांबच्या पाण्याचं कौतुक करणाऱ्यांना मी जॉर्ज पेरीची गोष्ट ऐकवतो. १९३२ च्या जूनच्या २ तारखेला जॉर्जियातला हा विशीतला शेतकरी, पावसामुळे शेतात जाता येईना म्हणून नदीच्या सोडलेल्या वळणातल्या एका डबक्यावर मित्राबरोबर गेला. त्यानं धरलेला बास २२ पौंड ४ औंसांचा भरला. म्हणजे दहा किलोंच्या वर! २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरितानं बरोबरी करेपर्यंत तो विक्रम कुणी गाठला नाही. पेरीचा ल्यूअर विकतचा होता, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. त्या विक्रमाचं पेरीनं काय केलं? घरी नेऊन खाल्ला. जगातल्या सर्वांत मोठ्या बासचं कालवण! हे वाचून सौ.नं प्रथमच ह्या विषयात रस दाखवला.

इथपर्यंत मी भांडण जिंकत आणलं होतं. आता जे सांगायचं आहे ते डॉक्टरांना सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात नऊ वर्षांचा नातू आला होता. त्याला घेऊन मी कालव्यावर गेलो. काठाजवळ उथळ पाण्यात, परातीएवढा तळ कुणीतरी झाडून ठेवल्यासारखा स्वच्छ दिसत होता आणि त्यावर एक बास जागच्या जागी उभा होता. मी डाळिंबी गळ्याचा मासा बरोबर परातीत टाकला. त्यानं तो पहिल्याच फटक्यात धरला. नातवानं उड्या मारल्या. आजोबांच्या झाडूला मासा लागला होता! मी गळ काढायला वेळ लावला, मग एक फोटो काढला, तो हलला म्हणून दुसरा काढला, मग सोडला. १५ एप्रिल ते १५ जून बास धरला तरी लगेच सोडायचाच, असा इथला कायदा आहे. तो मी पाळला, असं मी स्वतःला सांगत होतो.

"आजोबा, ते छोटे काय खातायत?" नातू म्हणाला. परातीत तळहाताएवढे ब्लूगिल मासे गर्दी करून टोचा मारत होते. ती अंडी होती. बासमध्ये आई अंडी घालून निघून जाते आणि बाप शेपटीनं झाडलेल्या त्या जागेवर दिवसरात्र राखण करतो. माझा मासा त्यानं भुकेनं धरलाच नव्हता, घुसखोर म्हणून धरला होता. हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं, आणि तरी परातीत टाकला. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा परात तशीच होती, वर कुणी नव्हतं. "बाबा फिश कुठे गेला?" असं त्यानं विचारलं. माशांना फसवण्यात मी सहा वर्षं घालवली आहेत, पण नऊ वर्षांच्या पोराला सांगायला एक थाप सुचली नाही.

डॉक्टरही मासा अगदी हळुवार सोडतात, हे मी पाहिलं आहे. पण संध्याकाळी ते दोनशे मैलांवरच्या आपल्या घरी असतात. त्यांच्या मागे परातीत काय झालं ते त्यांना कधी दिसत नाही, आणि पुढच्या शनिवारी सरोवरही दुसरं असतं. मला दूध आणायला जायचं तरी त्या वाटेनं जावं लागतं. जून उजाडेपर्यंत ती परात मी रोज पाहिली, हळूहळू गाळानं भरत जाताना. कालवा जवळ आहे ह्याची इतकी जाचक सोय दुसरी नसेल. पण माझं भांडण ह्यासाठीच आहे. कृत्य माझं, हत्यार माझ्या हातचं आणि जागा माझ्या वाटेवरची. मग "ल्यूअर खराब होता" असं म्हणून दुकानात परत करता येत नाही.

तेव्हापासून एप्रिलच्या मध्यापासून १५ जूनपर्यंत मी काठी घेऊन जात नाही. कायद्यानं गेलो तरी चालतं. नुसता फिरायला जातो, पराती मोजतो आणि नातवाला फोनवर आकडा सांगतो. यंदा अकरा होत्या, त्यांतल्या नऊंवर बाप उभे होते. मात्र रिकाम्या हातांना काहीतरी हवंच. त्यामुळे त्या दोन महिन्यांत बेसमेंटमध्ये सात मासे तयार झाले, आणि एक बेडूकही झाला. तो थोडा डॉक्टरांसारखा दिसतो, पण ते मुद्दाम केलेलं नाही.

परवा सौ.नं नवा झाडू आणला. दांडा ॲल्युमिनियमचा आहे.