खोटे नाणे, हवासा इतिहास

१/ जुन्या बाजारांत आणि आता मोबाइलच्या पडद्यावरही एक ‘दुर्मिळ चांदीचे नाणे’ वारंवार विक्रीस येते. एका बाजूस रामदरबार किंवा हनुमान, दुसऱ्या बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि सन १८१८. घेणारा ते श्रद्धेने देव्हाऱ्यात ठेवतो. कंपनीने असे नाणे कधीही पाडले नाही.

२/ १८१८ साली पेशवाई बुडाली, तरी कंपनीचे रुपये पुढेही कित्येक वर्षे मोगल बादशहाच्या नावाने, फारसी लेखासह निघत होते. मद्रासेकडे विष्णुमूर्तीचे होन कंपनीने पाडले हे खरे. रामदरबाराचे नाणे मात्र नाही. रामटंके हे श्रद्धेचे स्मृतिचिन्ह, चलन नव्हे. त्यावर कंपनीचे नाव आले की ते बनावट ठरते.

३/ मराठ्यांच्या नाण्यांची गोष्ट याहून बोधक आहे. शिवछत्रपतींचा होन सोन्याचा, शिवराई तांब्याची. पेशवेकाळातील अंकुशी रुपया चांदीचा; पण त्यावरील लेख फारसी आणि नाव मोगल बादशहाचे. मराठी टांकसाळीची खूण एवढीच, की त्यावर अंकुश उमटलेला असतो.

४/ परिणाम असा, की अस्सल अंकुशी रुपया हाती आला तर अनभिज्ञ ग्राहक ‘हे मोगलांचे’ म्हणून बाजूला सारतो, आणि पेशव्यांची छबी व ठसठशीत देवनागरी अक्षरे असलेला कालपरवाचा तुकडा अभिमानाने विकत घेतो. खरे नाणे त्याच्या काळासारखे दिसते. खोटे नाणे घेणाऱ्याच्या इच्छेसारखे दिसते. फसवणुकीचे मूळ येथे आहे.

५/ म्हणून पहिली कसोटी धातूची नव्हे, ज्ञानाची. १८३५ च्या कायद्याने साऱ्या कंपनी मुलखासाठी एकच रुपया ठरला: वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. यंत्रावर पाडलेला म्हणून लोकांनी त्याला ‘कळदार’ म्हटले. १९४० मध्ये चांदी निम्म्यावर आली आणि नकल रोखण्यासाठी कडेची घडण बदलली. एवढे ठाऊक असले तरी निम्मे सौदे तराजूपाशीच मोडतील.

६/ उरलेले निम्मे अवघड. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया दुर्मिळ, १९३८ चा सहज मिळणारा. त्यामुळे ८ चा ९ करण्याचा उद्योग चालतो. अशा नाण्याची चांदी खरी, वजन खरे, छाप खरी. लबाडी एका अंकात. तेथे भिंगाखाली अंकाभोवतीची पातळी पाहावी लागते. कोरल्याच्या वा घासल्याच्या खुणा तेथेच सापडतात.

७/ ओतीव नकलेच्या पृष्ठावर बारीक छिद्रे, अक्षरांच्या बोथट कडा आणि कडेवर सांध्याची रेघ दिसू शकते. चुंबकावर विसंबणे भोळेपणाचे: चांदी चिकटत नाही, तसे तांबे आणि पितळही चिकटत नाही. पाण्यात तोलून काढलेली घनता अधिक बोलते. जुन्या कळदाराची ती सुमारे १०.३ यावी, पितळेची त्याहून बरीच कमी भरते.

८/ ‘शेत नांगरताना हंडा सापडला’ ही विक्रेत्याची आवडती कथा. १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक मोलाचे असे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते. म्हणजे कथा खोटी असेल तर नाणे संशयास्पद, आणि खरी असेल तर व्यवहार संशयास्पद. दोन्ही बाजूंनी हात आखडता घेणेच शहाणपणाचे.

९/ यावर एक युक्तिवाद होतो: चांदी खरी असेल तर बिघडले काय? बिघडते ते इतिहासाचे. नाणे हा धातूवरचा दस्तऐवज आहे. कोणाची सत्ता कोठवर होती, कोणाचे नाव कोणी मिरवले, टांकसाळ कोठे चालली, हे अनेकदा नाण्यांवरूनच कळते. बनावट नाणे म्हणजे बनावट कागद. तो संग्रहातून लेखात आणि लेखातून पाठ्यपुस्तकात जाऊ शकतो.

१०/ येथे दोष केवळ नकल करणाऱ्याचा नाही. आपण फसलो हे कळल्यावर तेच नाणे गुपचूप पुढच्याच्या गळ्यात मारणारा संग्राहक या साखळीची बळकट कडी असतो. खोटे ठरलेले नाणे तसे नोंदवून ठेवावे. विकू नये, भेट देऊ नये.

११/ महाराष्ट्राला ही विद्या परकी नाही. नाणी पारखणे हे पोतदाराचे कामच होते, आणि सराफ नाणे वाजवून घेत असे. ‘खणखणीत नाणे’ आणि ‘बद्द नाणे’ हे शब्दप्रयोग त्याच कानांनी मराठीला दिले. आज नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, मुंबईत रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय आहे. अस्सल नाणे डोळ्यांत भरेपर्यंत पाहावे. मग खरेदीस निघावे.

१२/ पावती, लेखी हमी आणि परत घेण्याची अट यांचा आग्रह धरावा. तो ऐकून विक्रेता रागावला तर सौदा तेथेच संपला असे समजावे. अस्सल नाण्यास घाई नसते. दोनशे वर्षे थांबलेला रुपया आणखी आठवडाभर खुशाल थांबेल.